ताळा

ताळा दिसायला साधा आहे. पांढरं पान, वर ठळक काळ्या अक्षरांत नाव, खाली पाच चौकटी आणि एक हिरवं बटण. चित्र नाही, जाहिरात नाही, आधी खातं उघडा म्हणून आग्रह नाही. एकदा मोबाईलवर उघडला की पुढे रेंज नसली तरी उघडतो. लोणी भापकरच्या माळावर रेंजचा भरवसा धरता येत नाही आणि पंपावर मागे रांग लागलेली असताना गोल फिरणारं चक्र बघत उभं राहायला कुणाला सवड नसते. गाडीचं ॲव्हरेज नोंदवायचं, ते पडताळायचं आणि एक गाडी दुसरीच्या शेजारी उभी करून दाखवायची, एवढ्यासाठी तो आहे. लिहिला मी, स्वभाव मात्र त्याला गावाने दिला.

बारामती म्हटलं की बाहेरच्या माणसाला नीरा डावा कालवा आणि ऊस आठवतो. लोणी भापकर तालुक्याच्या जिरायत बाजूला आहे. पुण्याहून माणसं येतात ती मल्लिकार्जुनाचं जुनं देऊळ आणि पायऱ्यांची पुष्करणी बघायला. गावातली माणसं मात्र रोज गाव सोडून बाहेर पडतात. कुणी बारामतीला कॉलेजात, कुणी एमआयडीसीत पाळीला, कुणी बाजाराला, दवाखान्याला. पावसाने ओढ दिली की चारा चाकावर येतो आणि पाणीही चाकावरच येतं. अशा गावात पेट्रोल-डिझेल हा किराण्यासारखाच रोजचा खर्च. त्यामुळे दोन माणसं भेटली की ख्यालीखुशालीनंतरचा प्रश्न ठरलेला: "गाडी काय ॲव्हरेज देतीय?" दुचाकी असेल तर उत्तरही बहुधा ठरलेलं: "साठ."

ताळा हा साठ लगेच लिहून घेत नाही. तो विचारतो, मीटर किती होतं, किती झालं, मध्ये तेल किती पडलं.

ॲव्हरेज काढायची पुस्तकी रीत सोपी आहे. टाकी काठोकाठ भरायची, मीटर लिहून ठेवायचं, गाडी चालवायची, पुन्हा काठोकाठ भरायची. दुसऱ्या वेळी जितके लिटर बसले तितके मधल्या किलोमीटरना लागले. जगभरच्या अशा साधनांचा पाया हाच आहे. पण या रीतीत टाकी फुल करणारा माणूस गृहीत धरलेला असतो आणि आमच्याकडे दुचाकीची टाकी फुल करणारा माणूस विरळा. इथे शंभरचं टाकतात, दोनशेचं टाकतात. मजुरीचे पैसे हातात आले की पाचशेचं. लिटर किती आले हे पंपाच्या पाटीवर झरझर पळून जातं, लक्षात राहतात ते रुपये.

म्हणून ताळ्याच्या तिसऱ्या चौकटीत रुपये आहेत आणि चौथीत त्या दिवसाचा भाव. भाव विचारायला कारण आहे. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे भाव रोज ठरू लागले. मध्ये कित्येक महिने ते हलतही नाहीत, पण हलले की गेल्या महिन्यातल्या शंभरात आलेलं पेट्रोल आणि या महिन्यातल्या शंभरात आलेलं पेट्रोल यांत फरक पडतो. भाव १०४ रुपये धरला तर शंभरात ०.९६ लिटर येतं. २०२१ साली पेट्रोलने शंभरी ओलांडली तेव्हापासून शंभराच्या नोटेत लिटरही बसत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण हिशेब करताना माणूस अजूनही शंभरचं म्हणजे लिटरभर धरून चालतो. त्या चार थेंबांनी त्याचं ॲव्हरेज खऱ्यापेक्षा कमी दिसतं. ताळा भाव विचारतो आणि दशांशापर्यंत भागाकार करतो.

पाचवी चौकट ही ताळ्याची खरी ओळख. तिथे दोन पर्याय आहेत: 'टाकी फुल' आणि 'रिझर्व्हला आली'. जुन्या कार्बोरेटरच्या दुचाकींना टाकीखाली पेट्रोलचा कॉक असायचा, अजूनही गावात निम्म्याहून अधिक गाड्या तशाच वाटाव्यात इतक्या दिसतात. गाडी आचके द्यायला लागते, चालवणारा डाव्या हाताने खाली चाचपून कॉक फिरवतो आणि गाडी पुन्हा चालू लागते. त्या क्षणी टाकीत उरलेलं पेट्रोल दर वेळी जवळजवळ सारखंच असतं, कारण कॉकमधल्या नळीची उंची बदलत नाही. म्हणजे फुल टाकीसारखीच ही एक पक्की खूण झाली. रिझर्व्हला आली तेव्हा मीटर लिहा, मग शंभरचं टाका, दोनशेचं टाका, कितीही वेळा टाका, पुन्हा रिझर्व्हला आली की मीटर लिहा. मधले सगळे रुपये लिटरमध्ये बदलून ताळा बेरीज करतो. १०४ च्या भावाने पाच वेळा शंभरचं टाकलं आणि गाडी २४५ किलोमीटर गेली, तर ॲव्हरेज ५१. फुल टाकीचं तोंडही न बघता.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-सहा नियम आले, दुचाकींत इंधन इंजेक्शनने जाऊ लागलं आणि बहुतेक नव्या गाड्यांवरून तो कॉक गेला. आता काट्याची शेवटची रेघ लुकलुकते. रेघ काही कॉकइतकी पक्की नाही. चढ-उतारावर ती लवकर-उशिरा लुकलुकते. म्हणून नव्या गाडीला ताळा एका फेरीवर ॲव्हरेज सांगत नाही. तीन-चार वेळा रेघ लुकलुकू देतो, मग एकत्र भागाकार करतो. फुल टाकीलाही तोच न्याय. चार लिटर भरताना साईड स्टँडवर गाडी असेल, पाइप लवकर बंद झाला असेल, आणि पावशेर इकडेतिकडे झालं, तर पाच-सहा टक्क्यांची चूक तिथेच होते. जितके जास्त लिटर, तितका त्या चुकीचा वाटा कमी.

ताळ्याला इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही अंक वाचता येतात, ही गोष्ट मला आवडते. ब्राउझरमधली आकडे ओळखण्याची नेहमीची आज्ञा देवनागरी १२ ला आकडाच मानत नाही. तिच्या लेखी ती नुसती अक्षरं. पण ज्यांची शाळा देवनागरी अंकांत झाली आणि ज्यांचा मोबाईलचा कळफलक मराठीवर आहे, ती माणसं १२ असंच टाकणार. म्हणून हिशेबाआधी ताळा शून्यापासून नऊपर्यंतचे देवनागरी अंक बदलून घेतो. काम दोन ओळींचं आहे. त्या दोन ओळी नसत्या तर गावातल्या सगळ्या आबांना हे पान 'चुकीची माहिती' म्हणून परत पाठवत राहिलं असतं.

एक आबा आले ते याच चौकटींशी अडले, पण वेगळ्या कारणाने.

"आरं, माझं मीटरच बंद हाय. केबल तुटल्याली."

"मग आबा, याला ॲव्हरेज सांगता यायचं नाही."

"आन् आता काय करायचं?"

"'मीटर बंद' वर बोट ठेवा. महिन्याला किती रुपयांचं तेल गेलं तेवढं सांगेल."

तेवढं मात्र तो चोख सांगतो. मीटर बंद असताना अंदाजे किलोमीटर टाकून सुंदरसा आकडा दाखवणं अगदी सोपं होतं, आणि बघणाऱ्याला तो बरा वाटला असता. ताळा तिथे आडवी रेघ काढतो आणि खाली लिहितो: मीटर नाही, ॲव्हरेज सांगता येत नाही. आबांनी पुढच्या बाजारी केबल टाकून घेतली. चालू मीटरही तपासून घ्यावं लागतं. टायर झिजला की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्यात चाक जास्त फिरतं आणि मीटर खऱ्यापेक्षा जास्त किलोमीटर दाखवतं. मोरगाव-बारामती रस्त्याच्या कडेचे किलोमीटरचे दगड त्यासाठी उपयोगी पडतात.

आता ताळ्याचं पुण्याशी असलेलं नातं. प्रत्येक गाडीच्या पानावर तो दोन आकडे शेजारी ठेवतो: पुण्याचा आणि लोणीचा. पुण्याचा म्हणजे एआरएआयचा, कोथरूडच्या टेकडीवरच्या, १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाचा. शोरूममध्ये जो आकडा मोठ्या अक्षरांत असतो तो तिथल्यासारख्या प्रयोगशाळेतून येतो. गाडी जागेवरच रुळांवर चालते. समोरच्या पडद्यावर वेगाची रेघ सरकते आणि चालवणाऱ्याला त्या रेघेबरहुकूम वेग वाढवायचा आणि कमी करायचा असतो. मागून निघणारा धूर पिशव्यांत धरतात, त्यातला कार्बन मोजतात आणि त्यावरून किती इंधन जळलं ते काढतात. टाकीत डोकावण्यापेक्षा ही रीत कितीतरी बारीक आहे.

पण ती वेगाची रेघ कुठली? आपल्याकडे दुचाकींसाठी वर्षानुवर्षं वापरलेलं भारतीय चालन चक्र १०८ सेकंदांचं होतं आणि ते सहा वेळा फिरवायचं. सगळं मिळून अकरा मिनिटांपेक्षा कमी वेळ, जेमतेम ४ किलोमीटर, सरासरी वेग ताशी २२ च्या आत आणि जास्तीत जास्त वेग ४२. ते शहरातल्या वाहतुकीवरून बसवलं होतं. आता दुचाकींना जागतिक चक्र लागू आहे. मोटारींचं चक्र ११८० सेकंदांचं असून त्यात वेग ९० च्या वर जात नाही. यांतल्या कशातच माळावरचं समोरून येणारं आषाढाचं वारं नाही, ट्रिपलसीट नाही, मागे बांधलेलं पेंडीचं पोतं नाही, मुरमाचा रस्ता नाही.

पुण्याचा आकडा खोटा आहे असं गावात सर्रास म्हणतात. मला ते मान्य नाही. तो आकडा एका प्रकारच्या सगळ्या गाड्यांना एकाच रुळावर, एकाच रेघेवर चालवून काढलेला असतो, त्यामुळे एका गाडीची दुसरीशी तुलना करायला त्याच्याइतका निःपक्षपाती आकडा नाही. लोणीचा आकडा खरा आहे, पण तो एका माणसाच्या हाताचा, एका रस्त्याचा, एका ओझ्याचा. ताळा दोन्ही आकडे कामाला लावतो. तुमच्या जुन्या गाडीचा पुण्याचा आकडा ६८ आणि तुमच्या हातात ती देते ५१. म्हणजे तुमचा हात आणि तुमचा रस्ता मिळून पुण्याच्या पाऊण पट. मग ८० लिहिलेली नवी गाडी तुमच्याकडे साठच्या आसपास देईल, असा अंदाज तो मांडतो. हा अंदाज आहे हे तिथेच शेजारी लिहितो. तरुण पोरांना हा पाऊण पट फार लागतो, कारण त्यात गाडीच्या बरोबरीने त्यांचा हातही मोजला जातो.

आणि यानंतर येतो तो ताळ्याचा हट्ट, ज्यावरून त्याच्याशी सगळ्यात जास्त वाद घातला जातो. तुलना करताना तो 'लिटरला किती किलोमीटर' हे लहान अक्षरांत ठेवतो आणि मोठ्या अक्षरांत दाखवतो 'शंभर किलोमीटरला किती लिटर'.

एका घरातली गोष्ट सांगतो. वडील दुधाचं पिकअप चालवतात. सकाळ-संध्याकाळ वस्त्यावस्त्यांवरून चाळीस लिटरचे कॅन उचलायचे आणि संकलन केंद्रावर न्यायचे. मुलगा बारामतीला जातो. मुलाची दुचाकी ५० देते, नवी घेतली तर ६० देईल, म्हणून घरात नव्या गाडीचं चाललं होतं. पिकअप १० देतं. ते १२ देऊ शकेल असं मेकॅनिक म्हणत होता, पण दोन किलोमीटरचा तो काय फरक, म्हणून तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. दहाचा फरक मोठा की दोनचा? ताळ्याने दोन ओळी दाखवल्या. दुचाकी: १०० किलोमीटरला २ लिटरऐवजी १.६७, वाचले ०.३३. पिकअप: १० लिटरऐवजी ८.३३, वाचले १.६७. पिकअपच्या दोन किलोमीटरच्या फरकात दुचाकीच्या दहा किलोमीटरच्या पाचपट तेल होतं. वडिलांनी मोबाईल हातात घेऊन त्या दोन ओळी पुन्हा वाचल्या, मग खिशातल्या वहीत शेवटच्या पानावर लिहून घेतल्या. आधी पिकअपचे इंजेक्टर आणि एअर फिल्टर झाले, चारही चाकांत हवा मोजून भरली गेली आणि वस्त्यांचा क्रम बदलला. लांबची वस्ती आधी, कॅन रिकामे असताना. दुचाकीचं पुढच्या दिवाळीला बघू म्हणाले.

या फसगतीचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातले रिचर्ड लॅरिक आणि जॅक सोल यांनी २००८ साली 'सायन्स' नियतकालिकात दाखवून दिलं की गॅलनला किती मैल असं विचारलं की शिकलेली माणसंही बचत कुठे आहे ते चुकीचं ओळखतात, आणि मैलांना किती गॅलन असं मांडलं की बरोबर ओळखतात. तिकडच्या नव्या गाड्यांवरच्या सरकारी पाटीत २०१३ च्या मॉडेलांपासून दर १०० मैलांना लागणारे गॅलनही छापू लागले. युरोपात बहुतेक ठिकाणी लिटर प्रति १०० किलोमीटरमध्ये मोजतात. आपल्या सरकारने मोटार कंपन्यांना घातलेली सरासरी इंधन-वापराची मर्यादासुद्धा लिटर प्रति १०० किलोमीटरमध्येच लिहिलेली आहे. शोरूममध्ये मात्र किलोमीटर. ज्या घरात एक दुचाकी आणि एक मालाची गाडी आहे, त्या घराला या मांडणीने दर महिन्याला तोटा होतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याच्या टँकरने ताळ्याला आणखी एक गोष्ट शिकवली: जाताना आणि येताना वेगळं विचारायची. टँकर भरून जातो तेव्हा समजा लिटरला ३ किलोमीटर, रिकामा येतो तेव्हा ६. सरासरी साडेचार असं तोंडी उत्तर येतं. पण २० किलोमीटर जायला ६.६७ लिटर आणि तेवढंच यायला ३.३३, म्हणजे ४० किलोमीटरला १० लिटर, सरासरी ४. टँकरच्या फेरीचा दर साडेचारवर ठरवला तर मालक प्रत्येक फेरीत घाट्यात. ताळा सरासऱ्यांची सरासरी कधीच काढत नाही. सगळे किलोमीटर एकीकडे, सगळे लिटर दुसरीकडे, मग भागाकार.

गॅसवरच्या गाड्या आल्या तेव्हा लिटरही पुरेनात. तीनचाकी आपे तर बारामतीच्या एमआयडीसीतच बनते, ती डिझेलचीही आहे आणि सीएनजीचीही. सीएनजी किलोवर मिळतो, वीज युनिटवर. किलोची लिटरशी तुलना करणं निरर्थक, म्हणून इंधन वेगळं असलं की ताळा फक्त रुपये प्रति किलोमीटर दाखवतो.

अलीकडे त्याच्याकडे सगळ्यात जास्त विचारणा होते ती पेट्रोलमधल्या इथेनॉलची. २०२५ साली देशात मिश्रण २० टक्क्यांवर पोचलं आणि गाडीचं ॲव्हरेज पडलं अशी तक्रार घरोघर सुरू झाली. आमच्या भागात हा विषय नाजूक आहे, कारण जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतलं इथेनॉल तेल कंपन्यांकडे जातं आणि उसाच्या पैशाशी त्याचा संबंध आहे. लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, ही रसायनाची गोष्ट आहे, तिच्यात मत असण्याचा प्रश्न नाही. नीती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ च्या आराखड्यातच लिहिलं होतं: वीस टक्के मिश्रणावर बिनमिश्रणाच्या पेट्रोलसाठी घडवून दहा टक्क्यांना जुळवलेल्या मोटारींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि तशा दुचाकींचं ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, दहा टक्क्यांसाठी घडवून वीस टक्क्यांना जुळवलेल्या मोटारींचं १ ते २ टक्क्यांनी. ५१ चं ४९ होणं यात बसतं. ५१ चं ४० होणं बसत नाही. तिथे प्लग, चेन, हवा, क्लच बघायला हवेत. ताळ्याकडे तारखा आहेत, त्यामुळे ज्यांनी आधीपासून नोंदी ठेवल्या त्यांना तो आधीचं आणि नंतरचं ॲव्हरेज वेगळं काढून देतो. कारण काय ते सांगत नाही. दोन्ही काळांत रस्ता आणि ओझं तेच होतं का, एवढं विचारतो.

ट्रॅक्टरपाशी मात्र किलोमीटरही संपले. ट्रॅक्टरचं मीटर तास दाखवतं, आणि जुन्या यांत्रिक मीटरचा तास घड्याळाचा नसतो. इंजिन ठरलेल्या फेऱ्यांवर चाललं तरच दोन्ही तास जुळतात. हळू चालवलं तर मीटर मागे राहतं. म्हणून ट्रॅक्टरच्या पानावर ताळा तासाच्या वर एकर विचारतो. नांगरटीला एकरी किती लिटर, रोटरला किती, पेरणीला किती. भाड्याने ट्रॅक्टर देणाऱ्यांना हेच हवं होतं, कारण त्यांचा दर एकरावरच ठरतो. ट्रॉलीला जोडला की पुन्हा किलोमीटर, तेही भरून आणि रिकामा असे वेगळे.

मळणी राहिली आहे. ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर (पीटीओवर) मळणी यंत्र चालवताना ट्रॅक्टर जागेवर उभा असतो; तिथे ना किलोमीटर ना एकर, तिथे पोती मोजावी लागतील. ओली कणसं असली तर पोत्यामागे डिझेल वाढणार, म्हणजे धान्य वाळलेलं होतं की ओलसर, हेही विचारावं लागेल. ज्वारीच्या मळण्या सुरू व्हायच्या आत ती चौकट घालून द्यायचं मी दोघा ट्रॅक्टरवाल्यांना कबूल केलं आहे.